डांबराआधी डबे वेगळे करा

नागपूरजवळ मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ च्या एका टप्प्यावर २०२४ साली जैव-डांबराचा रस्ता झाला. त्यात वनस्पतींतील लिग्निन वापरले गेले. घरगुती सेंद्रिय कचऱ्यापासूनही रस्त्याचे बंधकद्रव्य मिळवावे, हा त्यापुढील विचार स्वागतार्ह आहे. प्राणवायूविना सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापविल्यास अशा पदार्थाचे तेल, कोळसा व वायू होतात. त्या तेलाचा जड अंश डांबरात मिसळता येतो.

परंतु आपल्या ओल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते. ते आटविण्यातच पुष्कळ इंधन खर्ची पडेल. म्हणून शिळे अन्न व भाजीपाला खताला किंवा बायोगॅसला द्यावा आणि पालापाचोळा, काटक्या, करवंट्या भट्टीला, हेच शहाणपणाचे.

यासाठी वर्गीकरण हवे. २०१६ च्या नियमांनी ते घरातच करणे बंधनकारक केले. पण नागरिकाने निगुतीने वेगळा ठेवलेला कचरा पालिकेच्या गाडीत पुन्हा एकत्र होताना दिसला, तर त्याने नियम का पाळावा? भट्टीच्या निविदा काढण्यापूर्वी पालिकांनी वेगळ्या कप्प्यांची गाडी रोज दारी आणावी. लोकांचा विश्वास परत मिळविण्याचा दुसरा मार्ग नाही.