पहिली नोटीस मालकाला हवी



दर वर्षी १२ मे रोजी रुग्णालयांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घालतात. परिचारिकांच्या कायदेशीर नोंदणीला याच बाईंचा विरोध होता, हे भाषणांत येत नाही! ब्रिटिश परिचारिका एथेल फेनविक यांनी १८८७ मध्ये संघटना काढून नोंदणीची मागणी लावून धरली, तरी ब्रिटनमध्ये कायदा व्हायला १९१९ उजाडले. आडवे येणाऱ्यांत मोठ्या रुग्णालयांचे चालकही होते.

आपल्याकडे कायद्यांची उणीव नाही. १९४७ चा केंद्राचा, १९६६ चा महाराष्ट्राचा आणि आता २०२३ चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा. नोंदणीशिवाय परिचर्या करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद या नव्या कायद्यात आहे. माझी शंका अशी, की यात सापडणार कोण? तालुक्याच्या गावी सलाईन लावणारी मुलगी पुष्कळदा कुठला तरी सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली असते. तिला ‘सिस्टर’ केले ते दवाखान्याच्या मालकाने, कारण नोंदणीकृत जीएनएम पदविकाधारक परिचारिकेला पगार द्यावा लागतो. तपासणी आली की हाती लागणार ती मुलगी.

‘नर्सेस मिळतच नाहीत,’ असे डॉक्टरमंडळी सांगतात. आठ-दहा हजारांत मिळत नाहीत, एवढेच त्यात खरे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान २०,००० रुपये पगार सुचवला होता. पण ती शिफारस, कायदा नव्हे. दुर्गम भागातली अडचण मात्र मी नाकारत नाही. तिथल्या मुलींना परिचर्येचा एएनएम अभ्यासक्रम पूर्ण करायला मुदत आणि विद्यावेतन द्यावे.

शुश्रूषागृहात पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर त्या शुश्रूषागृहाची नोंदणी नाकारण्याचा अधिकार १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानेच दिला आहे. तो आता वापरावा. दरपत्रकाशेजारी प्रत्येक परिचारिकेचे नाव व नोंदणी क्रमांक लावणे सक्तीचे करावे, आणि बिगरनोंदणीची व्यक्ती आढळल्यास पहिली नोटीस मालकाच्या नावे निघावी.

– एक निवृत्त परिसेविका, सातारा