बर्फ पाहिला, पण रस्ता कोणी उघडला?

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या भूगोल विभागाची सहल मनालीला जाऊन आली. प्रवासाचे वर्णन या अंकात दुसरे कोणी तरी लिहीलच. मला वर्णन करायचे नाही. एक मत मांडायचे आहे, आणि त्या मतापर्यंत मी कसा पोहोचलो तेही प्रामाणिकपणे सांगायचे आहे.

मी माण तालुक्यातला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. सहलीची वर्गणी ऐकल्यावर आजी म्हणाली, "बरफ बगून पॉट भरतंय व्हय रं?" तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात तिने दुष्काळी कामावर खडी फोडलेली आहे. ज्या बाईने पोटासाठी उन्हात दगड फोडले, तिला बर्फ पाहायला पैसे घालवणे हा शुद्ध वेडेपणा वाटला तर नवल नाही. वडील मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी वर्गणी दोन हप्त्यांत भरली. ते कोणत्या कामाचे पैसे होते, ते पुढे येईलच.

शनिवारी सकाळी आम्ही सोलंगला पोहोचलो. भाड्याचे कोट, भाड्याचे गमबूट. समुद्रसपाटीपासून आठ हजार फुटांच्या वर असलेले ते पठार आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी उभे पांढरे डोंगर. खरे सांगतो, पहिली पाच मिनिटे कोणीच बोलले नाही. मग जो दंगा सुरू झाला तो दुपारपर्यंत थांबला नाही. मीही घसरलो, पडलो, मित्रांच्या मानेत बर्फाचे गोळे घातले. जन्मभर टँकरमागे हंडे घेऊन पळालेल्या माझ्यासारख्याला एवढे पाणी एका जागी स्वस्थ बसलेले पाहून काय वाटले असेल, हे माणदेशातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

हिवाळ्याच्या अखेरचा बर्फ दिवसातून तीन रूपे दाखवतो. सकाळी वरचा थर काचेसारखा कडक असतो आणि पावलाखाली कुरकुर वाजतो. दुपारी उन्हाने तो मऊ पडतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. उतारावरचा बर्फ सुटून खाली येण्याची भीतीही तेव्हाच अधिक, म्हणून जाणते लोक अशा उतारांखालून सकाळीच निघून जातात. संध्याकाळी सारे पुन्हा गोठते. सरांनी सांगितले की ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते. दहा इंच बर्फ वितळला तर साधारण एक इंच पाणी हाती येते. पुस्तकात हे मी दहा वेळा वाचले असते तरी विसरलो असतो. तिथे उभे राहून ऐकले, ते आता विसरणार नाही. सहली असाव्यात, असे मी म्हणतो ते याचसाठी.

रविवारी आम्ही अटल बोगद्यातून लाहौलमध्ये सिस्सूला जायला निघालो. 9.02 किलोमीटर लांबीचा हा बोगदा 3 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झाला. त्यापूर्वी लाहौलला जायचे तर 3978 मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे, आणि हिवाळ्यात ती बंद झाली की लाहौलचे लोक कित्येक महिने जगापासून तुटत. औषध, बाळंतपण, परीक्षा, सगळेच बर्फाच्या मर्जीवर. ज्याला आम्ही 'किती सुंदर' म्हणत होतो, तोच बर्फ त्यांच्यासाठी बंद दार होता.

रात्री बर्फ पडला होता. बोगद्यातून बाहेर पडून थोडे पुढे गेल्यावर आमची गाडी थांबली. पुढे यंत्र बर्फ ढकलत होते, आणि यंत्राने सोडलेला कडेचा बर्फ दहा-बारा मजूर फावड्यांनी उचलून टाकत होते. तोंडाला मफलर, हातात ओले मोजे. आमची मुले खाली उतरली आणि फोटो काढू लागली. एकाने मजुरांना हाक मारली, "भैया, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय." ते बाजूला झाले. आम्ही हसलो. मीही हसलो.

त्यातला एक मजूर माझ्याच वयाचा असावा. मी त्याला गाव विचारले. तो झारखंडातल्या दुमक्याकडचा निघाला. त्या भागातून मजूर हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर वर्षानुवर्षे येत आले आहेत, हे मला नंतर सरांकडून कळले. मी विचारले तसे त्यानेही मला सहज विचारले, "तुझे वडील काय करतात?" माझे मित्र शेजारी उभे होते. मी म्हणालो, "नोकरी."

वाचकहो, माझे वडील रस्त्याच्या कामावर रोजंदारीने जातात. खडी पसरतात, उकळते डांबर ओततात. त्या मुलाच्या हातातले आणि माझ्या वडिलांच्या हातातले फावडे एकाच जातीचे आहे. माझी वर्गणी त्याच फावड्याने भरली होती. आणि दोन वर्षे या महाविद्यालयात मी ही गोष्ट कोणाला कळू दिलेली नाही. आज ती छापून सांगतो आहे.

त्या रात्री मनालीत झोप लागली नाही. थंडीमुळे नव्हे. मनात एकच विचार घोळत होता की 'जरा बाजूला व्हा' हे वाक्य उद्या कोणी तरी माझ्या वडिलांना ऐकवील, आणि ऐकवणाऱ्याच्या शेजारी माझ्यासारखाच एखादा शिकलेला मुलगा हसत उभा असेल.

सिस्सूला पाहिलेली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे आमचा माण जसा कोरडा राहिला, तसाच पीर पंजालच्या रांगेने पाऊस अडवल्यामुळे लाहौल कोरडा राहिला आहे. दोन्ही पर्जन्यछायेचे प्रदेश. तिथला शेतकरी बटाटा आणि वाटाणा पिकवतो तो वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. डोंगरातून शेतापर्यंत खोदून आणलेल्या पाटांना तिकडे कूल म्हणतात. म्हणजे आम्ही ज्यावर घसरगुंडी खेळत होतो ती कोणाची तरी उन्हाळ्याची विहीर होती. त्या विहिरीत आम्ही बिस्किटांचे कागद आणि पाण्याच्या बाटल्या टाकून आलो. आमच्या गावच्या आडात कोणी असे केले असते तर आजीने त्याला सोडले असते का?

काही मित्र म्हणतात, सहल म्हणजे मजा. तिथे मजुरांची आणि शेतकऱ्यांची चौकशी कशाला? मजा करू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. गरिबाच्या मुलाने बर्फात लोळावे, पोट दुखेपर्यंत हसावे. तो त्याचाही हक्क आहे. पण जो रस्ता कोणी उघडला हे विचारत नाही आणि हे पाणी कोण पिणार हे विचारत नाही, त्याने बर्फ पाहिला असे मी म्हणणार नाही. त्याने फक्त पांढरा रंग पाहिला.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, सहलीच्या वर्गणीतला काही भाग विद्यार्थी निधीतून द्यावा, म्हणजे ज्यांच्या घरी दोन हप्त्यांतही पैसे जमत नाहीत त्यांनाही जाता येईल. आमच्या वर्गातली निम्मी मुले यंदा घरीच राहिली, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. दुसरी, दोन दिवसांतला अर्धा दिवस तिथल्या माणसांसाठी राखून ठेवावा. रस्त्यावरच्या मजुराबरोबर चहा घ्यावा, गावातल्या शेतकऱ्याला त्याचा पाट कुठून येतो ते विचारावे. यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

घरी आल्यावर मी आजीला बर्फाचे फोटो दाखवले. तिने ते शांतपणे पाहिले. डोंगर, झाडे, आमचा दंगा, सगळे पाहून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "आन् ह्यो रस्ता उगाडतं कोन?"

ज्या माणसांनी रस्ता उघडला ती माझ्या एकाही फोटोत नव्हती. आम्हीच त्यांना बाजूला व्हायला सांगितले होते. मग मी तिला त्या मुलाची हकिकत सांगितली, आणि मी काय उत्तर दिले तेही सांगितले. वडील दाराशी बसून ऐकत होते. ते म्हणाले, "पुढच्या येळंला खरं सांग." एवढेच.

हा लेख म्हणजे ती पुढची वेळ आहे.

— एक विद्यार्थी, बी. ए. भाग २