भेरली माड फुलला!

आमच्या परसातला भेरली माड यंदा शेंड्याला फुलला. जटांसारखे लांब तुरे लोंबू लागले. शेजारी म्हणाले, "काय देखणा दिसतोय!" आई मात्र गप्प झाली. हा माड बाबांनी लावलेला.

वाचकहो, भेरली माडाचा बहर एकदाच येतो. पहिला तुरा शेंड्याला, पुढचे एकेक खाली. काही वर्षांनी शेवटचा तुरा खाली पोचला, की झाड वाळते. तुरे कापून ते वाचत नाही.

उपाय एकच, बी धरणे. पिकलेली लाल फळे उघड्या हातांनी सोलू नका, गराने भयंकर खाज सुटते. बी ताजेच पेरा, ओल राखा. कोंबाला काही महिने लागतात.

आमची फळे अजून हिरवीच आहेत. आईने कुंडी मात्र कालच भरून ठेवली.