सामना बाहेरच्या खोलीत, मुलं आतल्या खोलीत

“रविवारी मॅच आपल्याकडेच बघू या!” असं ऑफिसातच सर्वांना सांगून मोकळं व्हायचं आणि घरी येऊन चहा पिता पिता आपल्याला ती बातमी द्यायची, ही पुरुषमंडळींची जुनी रीत. मग दीर-जाऊ येतात, ऑफिसातले दोघे-तिघे येतात, त्यांच्या बायका येतात आणि ओघानंच सगळ्यांची पोरंही येतात. टीव्ही एक, खोल्या दोन. मोठ्यांचं काय, सतरंजी अंथरली की त्यांची सोय झाली. खरा प्रश्न असतो तीन ते आठ वर्षांच्या बाळगोपाळांचा. पहिली दहा मिनिटं ती अगदी शहाण्यासारखी बसतात. अकराव्या मिनिटाला कुणीतरी टीव्हीच्या पुढून पळतं, नेमकी तेव्हाच विकेट पडते, आणि “अगं, यांना जरा आत घे ना!” असं फर्मान सुटतं. ते कुणाला उद्देशून सुटतं, हे का मी सांगायला हवं?

१९८३ साली जूनच्या पंचवीस तारखेला लॉर्ड्सवर आपण विश्वचषक जिंकला, तेव्हाही अशीच गर्दी व्हायची. आळीत ज्यांच्याकडे टीव्ही, त्यांच्याकडे सगळी आळी. पण तेव्हा मुलांना कंटाळा आला की ती अंगणात, जिन्यात, गच्चीवर पळायची. आता आपण चौथ्या मजल्यावर, गच्चीला कुलूप, खाली गाड्या लावलेल्या, आणि सामना बहुधा संध्याकाळी उशिरा सुरू होणारा. मुलांनी जायचं कुठं?

यावर हल्ली सर्रास एक उपाय होतो. प्रत्येकाच्या हातात एकेक मोबाईल द्यायचा नि आतल्या पलंगावर बसवून द्यायचं. घर कसं शांत! पण मैत्रिणींनो, ही शांतता फार महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी काही प्रमाणं सांगितली आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली निदान ६० मिनिटं चांगली धावपळीची, अंगाला घाम फुटेल अशी असावीत. पडद्यासमोर बसणं एका तासाच्या वर नको, त्याहून कमी झालं तर उत्तमच. आणि वर्षाच्या बाळाला तर पडदा नकोच. आता हिशेब करा. ट्वेंटी-ट्वेंटीचा सामना झाला तरी साडेतीन-चार तासांचा, आणि पन्नास षटकांचा असला तर मधली सुटी धरून जवळजवळ आठ तासांचा. तेवढा वेळ मूल एका जागी बसलं, तर त्याच्या अंगातली मस्ती कुठं जात नाही. ती रात्री साडेअकराला, पाहुणे गेल्यावर, तुमच्याच वाट्याला येते.

तेव्हा मुलांना गप्प बसवायचा खटाटोप सोडून द्या. त्यांना खेळवायचंच, पण सामन्याच्या घड्याळानं. एका षटकाला साधारण चार मिनिटं लागतात, म्हणजे पाच षटकांची वीस मिनिटं. लहान मुलांचा एक खेळ रंगायला आणि विस्कटायला बरोबर एवढाच वेळ लागतो! ट्वेंटी-ट्वेंटीत दोन्ही डाव मिळून ४० षटकं, म्हणजे पाच-पाच षटकांच्या आठ पाळ्या झाल्या. शेवटची पाळी सोडून द्या, कारण तेव्हा मुलांनाही बाहेर काय चाललंय ते बघायचं असतं. जागी असतील ती खुशाल कुणाच्या तरी मांडीवर बसून बघतील. उरल्या सात. घरात सात-आठ मोठी माणसं जमलेली असताना या सातही पाळ्या एकट्या घरधनिणीनं का कराव्यात?

सामना सुरू होण्याआधीच कागदाच्या चिठ्ठ्या करून वाटीत टाका आणि प्रत्येकाला एकेक उचलायला लावा. मागून कुणाला उठवणं जमत नाही, हे लक्षात ठेवा. खेळ रंगात आल्यावर “भाऊजी, जरा बघता का मुलांकडे?” म्हटलं, तर भाऊजी “हो हो, आलोच” म्हणतात आणि मान हलवत तिथंच बसतात. पण चिठ्ठी हातात असली म्हणजे “भाऊजी, सहा ते दहा तुमची!” एवढं म्हटलं की पुरे. चारचौघांत हसत हसत झालेली गोष्ट मोडवत नाही. यजमानांनी पहिली चिठ्ठी स्वतः उचलली तर बाकीचे आपसूक उठतात, तेव्हा “अहो, सुरुवात तुमच्यापासून” हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवावं.

आणि आजींना मॅचमधलं काही कळत नाही असं गृहीत धरू नका हं. कितीतरी घरांत कोण कुठं उभा आहे हे आजीच आधी सांगतात. त्यांना बघायचं असेल तर त्यांना बाहेर पुढची खुर्ची द्या. त्या आपणहून मुलांजवळ बसल्या, तर त्यांच्या पाळीत गोष्टी नि बैठे खेळ. पळापळ त्यांच्याकडून नको.

आपल्यालाही सामना बघायचा असतो, ही गोष्ट आपण स्वतःच मोठ्यानं बोलत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पावसानं तो सामना सुरूच उशिरा झाला आणि मध्यरात्रीपर्यंत चालला. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्स यांना ज्या क्षणी मैदानात धावत जाऊन एकमेकींना मिठ्या मारताना बघायचं, त्या क्षणी आपण ओट्यापाशी कपबशा विसळत उभ्या असलो, तर काय उपयोग?

आता आतल्या खोलीची तयारी. पंधरा मिनिटांचं काम आहे. खुर्च्या, टीपॉय, काचेची सामानं बाहेर काढा. पलंग भिंतीला टेकवा. गादी खाली घालता आली तर फारच छान. सतरंजी मात्र फरशीवर सरकते, ती खेळायच्या जागी नको. आणि मोजे घालून पळू देऊ नका, अनवाणीच बरं. गॅलरीचं दार वरच्या कडीनं बंद करा आणि कठड्याजवळची स्टुलं, उलट्या बादल्या, मोठ्या कुंड्या आत किंवा बाजूला घ्या. भारत जिंकला की मोठी माणसंच गॅलरीकडे धावतात, दार सताड उघडं राहतं आणि मागून पोरं येतात. धोका नेमका त्या घटकेला असतो. टीव्ही भिंतीला पक्का नसून नुसता कपाटावर ठेवलेला असेल, तर तो मागं सरकवून पट्ट्यानं बांधून घ्या. कपाटाच्या खणावर पाय देऊन मूल वर चढलं तर टीव्हीसकट खाली येतं. चपट्या बटणासारखा सेल असलेला एखादा रिमोट किंवा खेळणं घरात असेल तर तेही उंच ठेवा. असा सेल मुलानं गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता तडक इस्पितळ गाठायचं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर खडूनं लक्ष्मणरेषा काढून टाका. मुलांना ती मोठी आवडते, आणि एकमेकांची चुगली करण्याच्या नादात ती पाळलीही जाते.

खेळ कुठले? आमच्याकडे सर्वांत चालतो तो “पंच-पंच”. याला सामान काही लागत नाही. बाहेरच्या खोलीतून आरडाओरडा झाला की पाळीवरच्या माणसानं दारातून डोकावून काय झालं ते सांगायचं आणि मुलांनी पंचासारखी खूण करून पुढची कसरत करायची. चौकार असेल तर हात आडवा हलवून चार बेडूकउड्या. षटकार असेल तर दोन्ही हात डोक्यावर आणि सहा उंच उड्या. वाईड बॉल झाला की दोन्ही हात पसरून एका पायावर उभं राहायचं, दहा आकडे मोजेपर्यंत. लेगबाय असेल तर गुडघा वर उचलून त्याला हात लावायचा, तोल सांभाळत. आणि कुणी बाद झालं, की एक बोट वर करून सगळ्यांनी पुतळा व्हायचं; हलेल तो पुढच्या वेळी निकाल सांगायला दारात उभा राहील. मजा म्हणजे ज्या पोरांना सामन्यात काडीचाही रस नसतो, तीसुद्धा बाहेरच्या आवाजाकडे कान लावून बसतात. आणि धावा कुणाच्या का होईनात, उड्या त्याच!

जरा मोठ्या मुलांसाठी घरातली लगोरी. बिस्किटांचे रिकामे पुडे, प्लॅस्टिकचे डबे, असे सात घ्यायचे नि एकावर एक रचायचे. चेंडू करायचा जुन्या मोज्यांचा. दोन-तीन मोजे एकात एक गुंडाळून वरचा उलटा करून घेतला, की असा चेंडू होतो की ट्यूबलाईटवर बसला तरी हरकत नाही. याच चेंडूनं क्रिकेटही होतं. वर्तमानपत्राची जाड सुरळी करून दोऱ्यानं आवळली की बॅट तयार. पलंगावर गेला की चार, कपाटाला लागला की सहा. इथं एक बघावं. मुलगे पहिली बॅट हातात घेतात आणि सोडत नाहीत, मुली बिचाऱ्या चेंडू आणून देत राहतात. तेव्हा पाळीवरच्या माणसानं पहिली बॅट घरातल्या सर्वांत धाकट्या मुलीला द्यावी. पुढचा क्रम आपोआप नीट लागतो.

लंगडी चांगलीच, पण खालच्या मजल्यावरच्यांचा विचार हवा. लंगडी आणि उड्या गादीवर, नऊच्या आत, नंतर नाही. नंतर रांगण्याचे, सरपटण्याचे खेळ. दोन खुर्च्यांना गुडघाभर उंचीवर दोरी बांधून खालून सरपटत जायचं, उशांचा डोंगर ओलांडायचा, डोक्यावर पुस्तक ठेवून भिंतीपर्यंत चालायचं. दोरी मात्र खेळ संपल्याबरोबर सोडून ठेवा, नाहीतर अंधारात कुणीतरी अडकून पडतं. आंधळी कोशिंबीर बंद खोलीत मला मुळीच पसंत नाही. कपाटाचे कोपरे तिथंच असतात. फुगेही नकोत, फुटलेल्या फुग्याचा तुकडा धाकट्याच्या तोंडात गेला तर घशात बसतो.

दीड-दोन वर्षांच्या बाळाला या दंगलीत मुळीच ढकलू नका, पायाखाली येतं. त्याला कडेवर किंवा पाळीवरच्या माणसाच्या शेजारी एक रिकामं खोकं नि चार वाट्या द्या. भरणं-ओतणं यात त्याचा वेळ मजेत जातो.

मध्यंतरात सगळ्यांनाच बाहेर सोडा. वीस मिनिटं असली तर जिना उतरून सोसायटीला एक फेरी मारून यावी, पुरुषांनाही पाय मोकळे करायला नेऊन. पाऊस असला तर जिन्यातच एक मजला वर, एक मजला खाली, कठड्याच्या बाजूनं मोठं माणूस ठेवून.

खाण्याबद्दल थोडं सांगते. सामना चालू असताना कढई चढवूच नका. उकळतं तेल, पळती मुलं आणि बाहेरून “गरम आण गं!” अशी हाक, हे तिन्ही एकत्र आले की काय होईल सांगता येत नाही. दडपे पोहे करा, नाहीतर भेळेचं साहित्य वेगवेगळ्या भांड्यांत मांडून ठेवा, ज्याचं त्यानं कालवून घ्यावं. चहा थर्मासमध्ये भरून उंचावर. टीपॉयवर मेजपोस नको, मूल ते ओढतं. सामना म्हटलं की खारे शेंगदाणे आणि लाह्यांचा पॉपकॉर्न आलाच, पण चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती तो द्यायचा नाही. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो, आणि पळता पळता, हसता हसता तर हमखास. दडप्या पोह्यांतले दाणेही त्यांच्यापुरते काढून कूट घाला. त्यांना केळं, उकडलेला बटाटा, थालीपिठाचे मऊ तुकडे द्या, तेही बसून खाल्ले तरच. पाणी मात्र दर पाळीला विचारून पाजा. खेळात मुलं तहान विसरतात.

झोपेचं काय? तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप हवी. आठला सुरू झालेला सामना बाराला संपणार आणि सकाळी साडेसातला शाळेची बस. तेव्हा साडेआठनंतर उड्या बंद करून दिवा मंद करा, हात-पाय धुऊन कपडे बदला आणि गोष्ट सांगायची पाळी लावा. निजायची जागा टीव्हीपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, पंखा जरा मोठा, म्हणजे आवाज झाकला जातो. पाहुण्यांच्या मुलांनाही तिथंच आडवं करा. जाताना उचलून न्यावं लागलं तरी चालेल.

मोज्यांचा चेंडू, दोरी, खडू, कागदी बॅट आणि चिठ्ठ्यांची वाटी हे सगळं एका जुन्या पिशवीत भरून दाराच्या मागच्या खिळ्याला अडकवून ठेवा. पुढचं आमंत्रणही तुम्हाला चहाच्या कपाबरोबरच कळणार आहे.