कर्ता सापडतो, करविता सुटतो



सप्टेंबरच्या शेवटी शेतात धान लोंबीवर येतं, त्याच दिवसांत दोन तारखा एकमेकीला लागून येतात. 28 सप्टेंबर 1991 ला भिलाईत शंकर गुहा नियोगींचा खून झाला. 29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि दोन मुलगे सुधीर व रोशन यांना गावातल्या जमावाने मारून टाकलं. दोन्ही ठिकाणं आपल्यापासून फार लांब नाहीत. दोन्ही खटले देशभर गाजले. दोन्हींचा तपास सीबीआयकडे गेला. दोन्हींत शिक्षाही झाली. तरी न्याय मिळाला का असं विचारलं, तर लोक गप्प बसतात. असं का होतं, ते यंदा दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहण्याआधी बोलून घेऊ.

खून झाला की तीन प्रश्न असतात. केलं कोणी? करवलं कोणी? आणि कशासाठी? गावाला बहुतेक वेळा तिन्हींची उत्तरं माहीत असतात. कोर्टात मात्र पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं, तेही नशीब असेल तर.

आधी नियोगींचं बघू. बंगालातून आलेला हा माणूस भिलाईच्या पोलाद कारखान्यात कामाला होता. पुढे दल्ली-राजहराच्या लोखंडाच्या खाणीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या मजुरांमध्ये त्यांनी काम उभं केलं. या मजुरांत आदिवासी खूप, बाकीचे आसपासचे शेतकरी. 1977 साली तिथे गोळीबार होऊन अकरा माणसं मेली. त्यांच्या नावाने मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून 1983 साली शहीद हॉस्पिटल सुरू केलं. दारूबंदीची मोठी चळवळ केली. 'संघर्ष और निर्माण' हे त्यांचं सांगणं होतं. लढायचं आणि लढता लढता उभारायचंही. 1990 पासून भिलाईच्या खाजगी कारखान्यांतले कामगार उठले. त्यांची मागणी साधी होती. कायम नोकरी द्या, जगण्यापुरती मजुरी द्या. मरणाच्या थोडे दिवस आधी नियोगी कामगारांना घेऊन दिल्लीला राष्ट्रपतींकडे जाऊन आले होते. आपल्या जिवाला धोका आहे हे त्यांना ठाऊक होतं. वहीत त्यांनी तसं लिहिलं होतं, टेपवर बोलूनही ठेवलं होतं. मग एका पहाटे घरात झोपलेले असताना खिडकीतून गोळी झाडून त्यांना मारलं.

आता निकाल बघा. 1997 साली दुर्गच्या न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला फाशी आणि दोन उद्योगपती धरून आणखी पाच जणांना जन्मठेप दिली. उद्योगपतींना अशी शिक्षा झालेली लोकांनी क्वचितच बघितली होती. पण पुढच्याच वर्षी, 1998 ला, जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. 2005 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. गोळी झाडणारा एकटा दोषी, त्याला जन्मठेप. बाकीच्यांविरुद्ध कट सिद्ध झाला नाही, म्हणून ते निर्दोष.

न्यायालयाने ज्यांना निर्दोष म्हटलं त्यांना आपण खुनी म्हणणार नाही. पण एक प्रश्न उरतोच. कामगारांच्या झोपलेल्या पुढाऱ्याला मारायला हा माणूस कोणाच्या सांगण्यावरून गेला? निकालाच्या कागदावर ती जागा आजही कोरी आहे.

दुसरीकडे खैरलांजी. भोतमांगे कुटुंब दलित, घाम गाळून शेती करणारं. त्यांच्या शेतातून रस्ता हवा म्हणून गावातल्या वरचढ लोकांशी वाद होता. शेजारच्या गावातल्या त्यांच्या एका आप्ताला मारहाण झाली, तेव्हा सुरेखाबाईंनी साक्ष दिली. मारहाण करणाऱ्यांना अटक झाली, जामीन मिळाला, आणि त्याच संध्याकाळी जमाव घरावर आला. प्रेतं कालव्यात सापडली. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले.

सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. जुलै 2010 ला नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची कैद केली. पण दोन्ही न्यायालयांनी म्हटलं की हा साक्षीचा सूड आहे, जातीवरून झालेला गुन्हा नाही. म्हणून ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. बायांवरच्या अत्याचाराचा गुन्हाही सिद्ध धरला नाही. भैयालाल पुढे सर्वोच्च न्यायालयाची वाट बघत होते. 2017 च्या जानेवारीत तेही गेले.

म्हणजे नियोगींच्या खटल्यात 'करवलं कोणी' हा प्रश्न गळाला. खैरलांजीत 'कशासाठी' हा प्रश्न गळाला. सुरेखाबाई सवर्ण असत्या, तर साक्ष दिली म्हणून सगळं गाव त्यांच्या घरावर चालून गेलं असतं का? शेतातल्या रस्त्यावरून चार मुडदे पडले असते का? हे प्रश्न गावातल्या लहान पोरालाही पडतात. न्यायालयाने ते ओलांडून पुढचं पान उलटलं.

आपल्या भागात जमिनीच्या, जंगलाच्या, दारूच्या भांडणात माणूस मरतो, तेव्हाही हेच होतं. पोलिसांच्या कागदात 'जुन्या वैमनस्यातून' असा शब्द येतो. या एका शब्दात अख्खा वनहक्काचा दावा बुडतो. वैमनस्य कशाचं होतं? त्या पट्ट्यावर कोणाचा डोळा होता? हे आपण लिहून घेतलं नाही, तर दुसरं कोणी लिहिणार नाही.

काही तरुण साथी म्हणतात, कोर्टात काय ठेवलंय, आपणच बघून घेऊ. त्यांचा राग खोटा नाही. पण बघून घेतल्यावर काय होतं, त्याचा हिशोब करा. जमिनीचा प्रश्न बाजूला पडतो, दोन घरांचं वैर उरतं. आपली पोरं तुरुंगात जातात आणि ज्याला जमीन हवी होती त्याचं काम फुकटात होतं. दुसरे काहीजण म्हणतात, चार पैसे मिळतायत, घ्या आणि मिटवा. त्यांना सांगायचं आहे की ॲट्रॉसिटी कायद्याखाली मिळणारी मदत हा घरच्यांचा हक्क आहे, तो तडजोडीचा मोबदला नाही. ती घेतली म्हणून केस सुटत नाही. खुनाचा खटला आपसात मिटवताच येत नाही, कायदाच तसा आहे. मिटवा म्हणणारा तुमच्या साक्षीदारांना फितवायला आलेला असतो, एवढं ओळखा.

आणि 'फाशी द्या' या घोषणेबद्दलही बोललं पाहिजे. फाशीच्या मागणीत सगळी ताकद गेली की कोयता धरणाऱ्या हाताकडेच सगळ्यांचं लक्ष राहतं. सुपारी घेणारा पुष्कळदा आपल्यासारखाच फाटका माणूस असतो. त्याला लटकवलं की ज्याने पैसे दिले तो निवांत झोपतो. आपली मागणी असावी कटाचा पूर्ण तपास, पैसा कुठून आला त्याचा तपास, जमिनीच्या कागदांचा तपास.

मग गावाने काय करायचं?

पहिलं, धमकी आली की त्याच आठवड्यात ग्रामसभेत ठराव घ्या. 'धोका वाटतो' एवढं पुरत नाही. नियोगींची वही होती, टेप होती, तरी कट सिद्ध झाला नाही. म्हणून कोण बोललं, कुठे, कोणत्या दिवशी, कोणत्या जमिनीवरून, कोणी कोणी ऐकलं, हे नावानिशी लिहा. ऐकणाऱ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. एक प्रत ठाण्यात, एक जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

दुसरं, घात झालाच तर पहिले दोन दिवस सगळ्यात मोलाचे. जागा तुडवू देऊ नका. पंचनाम्याला आपल्या गावचे, वाचता येणारे पंच द्या. कोऱ्या कागदावर सही नाही, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही. नियोगींच्या खटल्यात झडतीवरूनही वाद झाला होता. झडतीत चूक झाली म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं खरं, पण मुळात वादाला जागाच कशाला ठेवायची? खैरलांजीत पहिली शवचिकित्सा नीट झाली नाही, प्रेतं पुन्हा उकरून तपासावी लागली. तोवर बरंच हातचं गेलं होतं. म्हणून शवचिकित्सेचं चित्रीकरण करा, बाईचं प्रेत असेल तर अत्याचाराची तपासणी करा, असा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या. घाईने अग्नी देऊ नका. पुरलं तर निदान पुन्हा तपासता येतं.

तिसरं, फिर्यादीत कारण लिहायला लावा. 2016 पासून ॲट्रॉसिटी कायदा बदलला आहे. आता मरणारा आदिवासी आहे हे मारणाऱ्याला माहीत होतं, एवढं दाखवलं तरी खुनासारख्या मोठ्या गुन्ह्याला हा कायदा लागू शकतो. आदिवासीची जमीन बळकावणं, त्याच्या वनहक्कात आडवं येणं, हाही त्या कायद्याखाली गुन्हा आहे. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. आरोपीच्या जामिनावर तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च आणि भत्ता मागता येतो.

चौथं, साक्षीदार एकटा पडू देऊ नका. सुरेखाबाई साक्षीमुळेच मारल्या गेल्या, हे विसरू नका. मुख्य साक्षीदाराचा जबाब लवकरात लवकर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्या. तारखेला त्याच्यासोबत पाच माणसं जावोत. त्या दिवशीची त्याची मजुरी गावाने भरावी, रोवणी-कापणीचे दिवस असतील तर त्याच्या शेतात गावाने उतरावं. खटला दहा-बारा वर्षं चालतो. साक्षीदार भीतीने फुटतो तसा उपाशी पोटानेही फुटतो.

पाचवं आणि माझ्या मते सगळ्यात पहिलं. ज्या कामासाठी माणूस मारला, ते काम एक दिवसही थांबू देऊ नका. वनहक्काचा पट्टा वारसाला मिळतो. दावा अजून पडून असेल तर वारसांची नावं लावून त्याच समितीपुढे पुन्हा उभं राहा. बाईचं नाव आधीपासून नवऱ्याच्या बरोबरीने लावलेलं असेल तर अडचण कमी येते, कायद्यातही तसंच आहे. मारणाऱ्याचा हिशोब असा असतो की माणूस गेला म्हणजे फाईल गेली. तो हिशोब चुकवणं आपल्या हातात आहे, त्यासाठी कोणत्याही कोर्टाची तारीख लागत नाही.

भिलाईच्या कामगारांनी हे करून दाखवलं. नियोगी गेले, पण माणसं घरी बसली नाहीत. दुसऱ्या वर्षी, 1 जुलै 1992 ला, भिलाईत रेल्वे रुळावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, पंधराहून जास्त माणसं मेली. तरी संघटना मोडली नाही. दल्ली-राजहराचं शहीद हॉस्पिटल पुढेही चालत राहिलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हातात आला तेव्हा लोक रडले असतील, चिडले असतील. पण त्यांच्याजवळ निकालाखेरीज दुसरंही काही होतं. फक्त कोर्टाकडे डोळे लावून बसले असते, तर त्या दिवशी हात रिकामे राहिले असते.

कोर्ट सोडायचं नाही. नेटाने लढायचं, अपिलापर्यंत लढायचं. पण सगळा न्याय कोर्टात ठेव म्हणून ठेवायचा नाही.

येत्या 28 तारखेला आपापल्या गावात ग्रामसभा बोलवा. आपल्या गावात जमिनीवरून कोणाकोणाला धमक्या आल्या आहेत, कोणाचा दावा माणूस गेल्यामुळे पडून आहे, याची यादी त्याच बैठकीत करा. ठराव लिहा आणि एक प्रत संघटनेकडे पाठवा. फोटोला हार त्यानंतर घालू.

जोहार. जिंदाबाद.