गुळव्याचा अंदाज आणि यंत्राचे नियम

काहिलीतील पाक केव्हा उतरवावा, हे गुळव्या ठरवितो. फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार आणि थंड पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी पाहून तो निर्णय घेतो. "जाळ जरा कमी करा" असे तो सांगतो. किती अंशांनी, हे सांगत नाही. या 'जरा' शब्दास शास्त्रात स्थान नाही, असा अनेक सुशिक्षितांचा समज आहे. तो चुकीचा आहे.

सन १९६५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक लोत्फी झादे यांनी अशाच शब्दांचे गणित मांडले. त्यास फझी लॉजिक म्हणजेच धूसर तर्क म्हणतात. पाक एक तर 'तयार' किंवा 'कच्चा' असे न मानता, तो किती प्रमाणात तयार आहे हे शून्य ते एक यांमधील आकड्याने दाखवावयाचे, असे हे तत्त्व आहे. पुढे १९७५ च्या सुमारास लंडनमध्ये इब्राहिम ममदानी व त्यांच्या विद्यार्थ्याने एका लहान वाफेच्या यंत्रावर 'दाब थोडा कमी असेल, तर उष्णता थोडी वाढवावी' अशा धर्तीचे नियम चालवून दाखविले. त्यानंतर डेन्मार्कमधील तंत्रज्ञांनी सिमेंटच्या भट्टीवर हीच रीत वापरली. त्या भट्टीत माल सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो व आतील स्थिती नेमकी मोजणे कठीण असते; म्हणून अनुभवी भट्टीचालक पाळतात तेच नियम संगणकास देण्यात आले. जाणकाराचे नियम साठवून त्यांवरून निर्णय देणाऱ्या रचनेस तज्ज्ञ प्रणाली म्हणतात.

यावर कोणी विचारील, गुऱ्हाळात उष्णतामापक पुरेसा नाही काय? घट्ट गुळासाठी पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसवर उतरवितात हे खरे, आणि उष्णतामापक अवश्य वापरावा. परंतु खारवट जमिनीतील ऊस, अपक्व ऊस वा शिळा रस यांचा पाक निराळा वागतो. तेथे एकच आकडा पुरत नाही; ती जाण गुळव्यापाशी असते.

माझे मत असे की, गुऱ्हाळात यंत्र येवो अथवा न येवो, ही जाण लिहून ठेवणे हे आजचे काम आहे. जुना गुळव्या गेला की त्याचे नियमही जातात, आणि मग कोणताही संगणक ते परत आणू शकत नाही. ग्रामसेवक बंधूंनी येत्या हंगामात एका तरी गुऱ्हाळावर बसून 'असे दिसले, तर असे करावे' या रीतीने नियम टिपावेत. शेजारी उसाची जात, जमीन व पाकाची उष्णता नोंदवावी. त्या वहीवर गुळव्याचे नाव असावे. ज्ञान त्याचे आहे. त्याचा मान व मोबदला त्यास मिळणार नसेल, तर त्याने ते का सांगावे?