चूकभूल द्यावी घ्यावी

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यातून बँकेत. म्हणजे चुकीशी माझं वैर आधी शास्त्रोक्त आणि मग पगारी. संध्याकाळी रोकड मोजताना दहाची एक नोट कमी भरली, तर ती सापडेपर्यंत किंवा खिशातून घालेपर्यंत मला घर नाही. तेव्हा जपानातल्या 'साओरी' विणकामात चूक नावाचा प्रकारच नसतो, हे कळल्यावर मला प्रथम तिथल्या बँकांची काळजी वाटली.

साओरी काढलं ओसाकाकडच्या मिसाओ जो या बाईंनी. जन्म 1913 चा. मागावर बसल्या त्याच पन्नाशी उलटल्यावर. त्यांनी किमोनोवर बांधायचा ओबी, म्हणजे रुंद कंबरपट्टा, विणला. त्यात उभा एक धागा सुटला होता. जाणकारानं निकाल दिला, माल सदोष. बाईंना मात्र त्या सुटलेल्या धाग्याची रेघच आवडली! पुढच्या पट्ट्यात त्यांनी मुद्दाम आणखी धागे गाळले, आणि ओसाकातल्या एका बड्या दुकानदारानं तो पसंत केला. आमच्याकडे तीच चूक दुसऱ्यांदा केली की मेमो मिळतो.

मग बाई शिकवू लागल्या. माग कसा चालतो ते दाखवायचं. काय विणायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. समोर नमुना नाही, गिरवणं नाही.

आमचे एक सहकारी म्हणाले, "अहो, मग माकडाला मागावर बसवलं तरी साओरीच की!"

नाही साहेब. धोटा फेकावाच लागतो, फणी ठोकावीच लागते, नाहीतर कापड उभंच राहत नाही. पण खात्यात दहा रुपये चुकले तर खातेदार बुडतो; धागा चुकला तर कोण बुडतं? बिनचूक कापड यंत्रमाग मैलोगणती काढतोच आहे. त्याच्याशी बिनचूकपणाची शर्यत लावणारा माणूस हरणार. आणि जिंकलाच, तर यंत्र म्हणून जिंकणार! म्हणून तर बौद्धिक अपंगत्व असलेली माणसंही साओरीच्या मागावर रमली. इतरत्र त्यांच्या कामातल्या चुका मोजल्या जातात. इथे त्यांचं कापड बघतात. बाई 2018 मध्ये गेल्या, वयाच्या एकशेचाराव्या वर्षी. आयुष्यातसुद्धा त्यांनी नमुना पाळला नाही.

आता माझा हिशेब. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत बायकोनं माझ्यासाठी स्वेटर विणला. एका बाहीवर टाका सुटला होता. मी तो बरोब्बर हेरला आणि बोट ठेवून दाखवला. तिनं एक शब्द न बोलता अख्खा स्वेटर उसवला. त्यानंतर घरात सुया निघाल्या नाहीत. बिलाखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' छापतात. मी ते फक्त बिलापुरतंच समजत होतो.

परवा तिला साओरीची सगळी हकिकत सांगितली. ती म्हणाली, "हे कळायला तुम्हाला जपान लागलं?"

आणि आत जाऊन चहा घेऊन आली. त्यात साखर नव्हती. मी निमूटपणे प्यालो.